म्हाळूची पोटगी

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव म्हाळू. त्याला बायको मात्र चांगली चलाख मिळाली होती. शेवंता तिचं नाव. तिचं मसाला कांडपाचं मशीन होतं. ती कमवायची, म्हाळू जेवायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

एकदा अंगणात मिरच्या वाळत घालून शेवंता म्हणाली, "इथून हलायचं नाही. मिरच्यांकडं बघत राहायचं." म्हाळू बघत राहिला. वळवाचा पाऊस आला. मिरच्या भिजल्या, वाहून गटारात गेल्या. म्हाळू जागचा हलला नाही. शेवटची मिरचीसुद्धा त्याने नीट बघितली.

शेवंताने कपाळावर हात मारला आणि घटस्फोट घेतला.

म्हाळू आत्याच्या दारात जाऊन बसला. आत्याने चार दिवस वाढलं, मग म्हणाली, "पुढं कोण पोसणार रे तुला?" म्हाळूलाही तीच काळजी होती. त्याला भाकरी खाता येत होती, करता येत नव्हती.

आत्याने त्याला कुलथे वकिलांकडं धाडलं. वकील म्हणाले, "अरे, पोटगी काय बायकांनाच मिळते? बायको कमावती आणि नवरा बिनकमाईचा असेल, तर नवऱ्यालाही मागता येते. तू फक्त फाटका सदरा घाल. रड. आमच्याकडं काही उरलं नाही म्हण."

म्हाळूने आत्याच्या घरी येऊन लगेच फाटका सदरा घातला. नेमके त्याच दिवशी आत्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोहे घेताना मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "काय, कसं काय चाललंय?"

म्हाळू भोकाड पसरून रडला. "आमच्याकडं काही उरलं नाही हो!"

पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या आणि ते चपला शोधू लागले.

आत्या कडाडली, "मेल्या, चार मोठ्या माणसांपुढं असं बोलतात? नवे कपडे घालावेत, हसावं, देवाच्या दयेनं काही कमी नाही म्हणावं!"

"बरं," म्हाळू म्हणाला. तो फार आज्ञाधारक होता, हेच तर दुखणं होतं.

कोर्टाची तारीख आली. कोर्टात चारच काय, चाळीस मोठी माणसं होती. म्हाळू रेशमी फेटा बांधून उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमची परिस्थिती कशी आहे?"

म्हाळू तोंडभर हसला. "देवाच्या दयेनं काही कमी नाही, साहेब!"

कुलथे वकिलांना घाम फुटला. कशीबशी पुढची तारीख घेऊन त्यांनी म्हाळूला बाहेर ओढलं. "आता तू स्वतःहून तोंड उघडायचं नाहीस. समोरची बाजू काही बोलली, की फक्त 'साफ खोटं' म्हणायचं. कळलं?"

"कळलं," म्हाळू म्हणाला. आणि खरंच कळलं होतं.

पुढच्या तारखेला शेवंता उभी राहिली. म्हाळूचा सुकलेला चेहरा बघून तिला त्याची दया आली. ती म्हणाली, "साहेब, यांना कुठलंही काम येत नाही."

"साफ खोटं!" म्हाळू ओरडला.

"यांची काहीच कमाई नाही."

"साफ खोटं!"

"मी नाही दिलं तर उपाशी मरतील हो. माझं मशीन बरं चालतं. मी पोटगी द्यायला तयार आहे."

"साफ खोटं! साफ खोटं! साफ खोटं!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, मशीन तुमचंच ना?"

"माझंच, साहेब."

"साफ खोटं!"

"आणि चालवतं कोण?"

"मीच की."

"साफ खोटं!"

न्यायाधीश म्हणाले, "म्हणजे मशीन यांचं, चालवतात हे, कमाईही यांचीच. मग या बाईंनी जगायचं कशावर?"

शेवंताने म्हाळूकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

हुकूम झाला. म्हाळूने शेवंताला दरमहा पोटगी द्यावी.

कुलथे वकील मटकन बाकावर बसले. म्हाळू फुलून त्यांच्यापाशी धावत आला. "बघितलंत, वकीलसाहेब? तिचं एक वाक्य टिकू दिलं नाही!"