गोद्रो ऊर्फ लारोझे

सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, आमच्या चर्चमागे जी दफनभूमी आहे, तिथल्या बऱ्याच दगडांवर तुम्हाला दोन आडनावं दिसतील. गोद्रो ऊर्फ लारोझे. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पूर्वजांचा माग काढत इथे येतं आणि विचारतं, आमचं खरं आडनाव यातलं कोणतं? मग मी त्यांना या बाकावर बसवते आणि माझ्या सासूबाईंकडून जसं ऐकलं तसं सांगते.

कॅनडाचा हा मुलूख तेव्हा फ्रान्सच्या राजाचा होता. राजाच्या फौजेतली चाकरी संपलेले दोन शिपाई इथे जमीन घेऊन राहिले. एक एतिएन गोद्रो, दुसरा लारोझे. लारोझे म्हणजे दव. फौजेत प्रत्येकाला असं एखादं टोपणनाव मिळायचं. पण याचं मूळ नाव कुणालाच माहीत नव्हतं. तो अनाथालयात वाढलेला. तिथलं नाव त्याने कधी ओठांवर आणलं नाही म्हणे.

एतिएनने फ्रान्सहून जहाजाने आलेल्या पेरीनशी लग्न केलं. लारोझे शेजारच्या खोपटात एकटाच राहायचा, जेवायला मात्र यांच्याकडे.

पेरीनचे दिवस भरले ते हिवाळा सरता सरता. नदीवरचा बर्फ वरून पांढरा, आतून पोकळ झालेला. कळा सुरू झाल्या, पण मूल काही येईना, आणि सुईण राहायची पलीकडच्या काठावर. एतिएन नदीपर्यंत गेला. त्याने बर्फावर पाय ठेवला आणि मागे घेतला. लारोझेने ते पाहिलं.

"तू घरी जा," तो म्हणाला. "तिला तू हवास. माझी वाट बघणारं कुणी नाही."

एतिएनने त्याला अडवलं नाही.

जाताना तो नीट पोचला. सुईणीला घेऊन परतताना, काठ अगदी जवळ आला असताना, बर्फ फुटला. त्याने तिला पुढे ढकललं आणि स्वतः खाली गेला. ती भिजलेल्या कपड्यांनी घरात शिरली, आधी पेरीनला मोकळी केली आणि मगच काय झालं ते सांगितलं. मुलगी झाली होती.

लारोझेचं प्रेत मिळालं नाही. प्रार्थनेसाठी पाद्रींनी त्याचं बाप्तिस्म्याचं नाव विचारलं, तर ते सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हा एतिएनने वेदीपुढे शपथ घेतली, की माझ्या घराण्याच्या नावाला यापुढे त्याचं नाव जोडलेलं राहील.

पेरीनला ते सोसलं नाही. "बुडालेल्या माणसाचं नाव माझ्या लेकीला नको," ती म्हणाली. एतिएनने तिचं ऐकलं. मुलगी नुसती मारी-आन गोद्रो राहिली.

गव्हाच्या कापणीच्या सुमारास देवीची साथ आली. त्यात ती तान्ही पोर गेली.

एतिएन लाकडी क्रूसावर तिचं नाव कोरत बसला होता. गोद्रो लिहून झालं आणि त्याने सुरी खाली ठेवली. पेरीन दारात उभी होती.

"पुढे त्याचंही घाल," ती म्हणाली.

"तुला नको होतं ना?"

"हिच्यासाठीच गेला तो. त्याला कुठे थडगं आहे? राहू दे दोघं एका ठिकाणी."

पुढे पेरीनला मुलं झाली, ती सगळी दोन्ही नावं घेऊन जगली. एतिएन मात्र पुन्हा कधी नदी ओलांडून गेला नाही, उन्हाळ्यात होडीतूनसुद्धा नाही. आपल्या दगडावर लारोझे लिहायचं नाही, बर्फावरून पाय मागे घेणाऱ्याला ते नाव शोभत नाही, असं त्याने मरताना बजावलं म्हणे. या दफनभूमीत घराण्याच्या रांगेत तेवढा एकच दगड नुसत्या गोद्रोचा आहे.

माग काढत येणाऱ्यांना गोद्रोंचं फ्रान्समधलं गाव सापडतं. लारोझेचं काहीच सापडत नाही. आजही आमच्यात मुलाच्या बाप्तिस्म्याला पाद्री आडनाव विचारतात, तेव्हा बाप फक्त गोद्रो म्हणतो. लारोझे म्हणायचं ते आईने.