नाताळबायचं पाणी

आमच्या पालखाडीत तेव्हा सडकेला डांबर लागलं नव्हतं. चर्चला घंटा होती, पण घड्याळ गावात कुणाकडेच नव्हतं. खाडीवर कधी पूल होईल असं कुणाला स्वप्नही पडलं नव्हतं. तेव्हाची ही गोष्ट. माझ्या पणजीनं पाहिलेली नाही. पणजीच्या आजीनं पाहिली म्हणतात, तीही कुडाच्या फटीतून. आमच्या घराण्यात फटीतून बघायची सवय जुनी आहे, तेव्हा गोष्ट खरी धरायला हरकत नाही.

त्या काळी गावात एक सुईण होती. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून नाव नातालीन, आणि सगळं गाव म्हणायचं नाताळबाय. उंचीला एवढीशी, पण हात मोठे. त्या हातांत सातशे मुलं जन्मली, असं म्हणतात. कुणी नऊशे सांगतात. तिनं पोटावर नुसता तळवा टेकवला की आतलं आडवं मूल आपणहून सरळ व्हायचं, असंही म्हणतात. कुठेही निघाली की कंबरेवर पितळेचा तांब्या असायचा, चिंचेनं घासून आरशासारखा केलेला, विहिरीच्या गोड्या पाण्यानं भरलेला.

गावात वस्त्या दोन. क्रॉसआळीत आम्ही ख्रिस्ती, आणि खाडीच्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला. मधे एक चिंचेचं झाड. भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. आमच्या बायका विहिरीवर म्हणायच्या, "येशूला मानतात म्हणे, पण देवाचा पुत्र म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. त्यापेक्षा मुळीच न मानणारा परवडला." मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, "तिघांची नावं घेतात आणि सांगतात देव एकच. मोजता येत नाही की काय यांना?" शिवाय आमच्या परसात डुकरं, आणि मोहल्ल्याला त्यांचा वारासुद्धा चालायचा नाही.

नाताळबायकडेही चार डुकरं होती. ती तिच्यामागे कुत्र्यासारखी चालायची. मोहल्ल्यातून बोलावणं आलं की बाय आंघोळ करायची, खुंटीवरचं वेगळं राखलेलं लुगडं नेसायची आणि तांब्या घेऊन निघायची. डुकरं चिंचेपर्यंत सोबत यायची आणि तिथेच बसून राहायची. एकानंही कधी चिंच ओलांडली नाही, असं म्हणतात.

आता त्या तांब्याचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यापाशीच आहे.

पाद्रीबाबांनी बायला शिकवलं होतं, की मूल जन्मलं आणि जगेलसं दिसेना, तर पाद्र्याची वाट बघायची नाही. सुईणीनंच त्याच्या कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा द्यायचा. नाहीतर ते लेकरू स्वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहतं, आईला पुन्हा कधी दिसत नाही. बायचा यावर अगदी मनापासून विश्वास होता. स्वतःचं एक मूल तिनं असंच पाणी घालून पाठवलं होतं, आणि ते वर वाट बघतंय एवढ्याच आधारावर ती उभी होती. म्हणून तांब्या कधी रिकामा नसायचा.

मोहल्ल्यात इसहाक नाखवा म्हणून एक होडीवाला होता. त्याची बायको रुकय्या. तिची दोन मुलं गेली होती. दोन्ही निळी जन्मली, रडलीच नाहीत, आणि दिवस कलायच्या आत गेली. दोन्ही वेळा इसहाक समुद्रावर. मुसलमानांत मूल जन्मलं की बाप त्याच्या उजव्या कानात बांग देतो. जगात आल्यावर कानावर पहिलं नाव पडायचं ते अल्लाचं. त्या दोघांच्या कानात ती पडलीच नाही. रुकय्याला मुलं गेल्याचं दुःख होतंच, पण हे त्याहून जास्त सलत होतं.

तिसऱ्या वेळी इसहाकनं शपथ घेतली, की दिवस भरत आले की किनारा सोडणार नाही. पण खाडीपलीकडे पीराचा उरूस आला. अख्खा मोहल्ला होड्यांत बसून गेला. रुकय्याच म्हणाली, "माझ्यासाठी मन्नत मागून या. अजून पंधरा दिवस आहेत." घरात ती आणि तिची आंधळी सासू हलीमाबी, दोघीच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीसमोरच तिची पाणमोट फुटली.

हलीमाबी काठी टेकत चिंचेपर्यंत आली आणि क्रॉसआळीकडे तोंड करून ओरडली, "बायऽऽ! धाव गं!"

बाय धावली. मागोमाग माझ्या पणजीची आजीही धावली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी बोलावण्याची वाट कोण बघतं? ती कुडाला डोळा लावून बाहेर उभी राहिली.

कळा लांबत गेल्या. रुकय्या खाटेच्या खुराला धरून म्हणाली, "बाय, तुमच्या मारियामायला कळा आल्याच नाहीत म्हणे?"

"पाद्रीबाबा तसंच सांगतात."

"नशीबवान. आमच्या मरियमला एवढ्या आल्या की खजुराचा बुंधा कवटाळून ती म्हणाली, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. मग पायाखाली झरा फुटला आणि झाडावरून खजूर पडले."

"अगं, पण गोठा? मेंढपाळ?"

"आमच्यात गोठा नाही."

बायनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "सातशे बाळंतपणं केली बाई मी. देवानं मला माफ करावं, पण त्या बुंध्याचं मला पटतं. आता जोर लाव, आणि हे पाद्रीबाबांना सांगू नकोस."

अशा स्थितीतही रुकय्या हसली, आणि त्या हसण्यातच मूल बाहेर आलं.

मुलगा होता. निळा.

बायनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात बोट घालून चिकटा काढला. छाती हलकेच हलत होती, पण आवाज नाही. आधीच्या दोघांसारखंच. बायनं नाळ बांधली, बाळाला फडक्यात गुंडाळलं, आणि तिचा हात सवयीनं तांब्याकडे गेला.

"बाय," रुकय्या म्हणाली, "हे पाणी कशाचं?"

बायचा हात तिथेच थांबला.

"मागच्या दोन्ही वेळा तू तांब्या घेतला होतास," रुकय्या म्हणाली. "अंगठा बुडवलास, ओठ हलवलेस, कपाळावर पाणी सोडलंस. मी डोळे मिटून होते, झोपले नव्हते."

बाहेर पणजीच्या आजीनं तोंडावर पदर दाबला. बायनं हात मागे घेतला. म्हणाली, "मग आज मला बोलावलंस कशाला?"

"तू रडत होतीस म्हणून. वाईट करायला येणारा रडत नाही. पण बाय, ती माझी मुलं होती. मला विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग मी कसं विचारणार होते?" आणि बाय खाली बसून ढसाढसा रडायला लागली.

रुकय्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. "आज विचारतेस ना? मग ऐक. याच्या कानात पहिला आवाज याच्या बापाचा पडू दे. त्याआधी याच्या कानाशी कुणी काही बोलू नका. तूही नाही. हा जगो की जावो."

हलीमाबी दारातून म्हणाली, "होड्या निघाल्यात गं. मला वल्ह्यांचा आवाज येतोय. पण ओहोटी लागलीय, वाळूच्या दांड्यापाशी अडकतील."

आणि तसंच झालं होतं. भर दुपारी होड्या खाडीच्या मधोमध गाळात बसल्या होत्या. पुन्हा पाणी चढायला दोन तास होते, आणि बाळाकडे दोन तास नव्हते. आमच्या खाडीचा गाळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, त्यात म्हैस शिरली तर शिंगंसुद्धा उरत नाहीत.

बायनं बाळ छातीशी धरलं. तांब्या कंबरेवर घेतला. रुकय्यानं तांब्याकडे पाहिलं. बाय बाळाचे कान झाकून म्हणाली, "हा नेते मी. नाही नेला तर माझे पाय उचलायचे नाहीत. पण तुला न विचारता ओतणार नाही." आणि ती गाळात उतरली.

तिचे पाय घोट्यावर रुतले नाहीत, असं म्हणतात. जिथे पाऊल टाकी तिथे गाळ वाळूसारखा घट्ट होई. चारही डुकरं त्या दिवशी चिंच सोडून किनाऱ्यापर्यंत आली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. कुणी त्यांना हाकललं नाही.

बायच्या ओठांवर 'नमो मारिया' येत होतं. पण बाळाच्या कानात आधी तेच पडेल, म्हणून तिनं दात दातांवर दाबले. जन्मात पहिल्यांदा तिनं मुक्यानं प्रार्थना केली. काय म्हणाली ते तिनं पुढे सांगितलं. म्हणाली, "देवा, याला आता पाणी घातलं तर तू खूश आणि याची आई पोरकी. नाही घातलं तर आई खूश आणि मी तुझी चोर. मला काही कळत नाही. तुला कळत असेल तर तूच बघ."

वाळूच्या दांड्याच्या अलीकडे खोल पाण्याची धार होती. तिथे गाळ संपला आणि ती थांबली. होड्या दूर होत्या, माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. आता हाक मारायची तर बाळाला ऐकू जाणार. तिनं बाळाचे कान आपल्या छातीत आणि तळव्यात दाबून धरले, आणि दुसऱ्या हातानं तांब्या डोक्यावर उंच धरला.

ऊन तांब्यावर पडलं. त्याची तिरीप खाडीवरून गेली आणि थेट इसहाकच्या डोळ्यांत शिरली.

तो तांब्या ओळखत नव्हता असं गावात कुणी नव्हतं. बाय, तांब्या आणि छातीशी गाठोडं, एवढं पाहून इसहाक होडीच्या पुढच्या टोकावर चढला. मग त्यानं पश्चिमेकडे तोंड केलं, कानांवर हात ठेवले आणि बांग दिली.

बायनं बाळाचा उजवा कान तिकडे केला. उजवा की डावा हे तिला सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं दाराआडून तिनं पाहिलं होतं. समुद्राचा वारा त्या वेळी थांबला, असं म्हणतात. बगळेसुद्धा पंख न हलवता उभे राहिले. एवढ्या लांबून आवाज आला तो कानाशी कुजबुजल्यासारखा आला.

आणि बांग संपायच्या आत मूल रडलं.

असं रडलं की क्रॉसआळीतल्या बायका विहिरीवरून धावत आल्या. निळं होतं ते जांभळं झालं, जांभळ्याचं लाल झालं. आणि भरती त्या दिवशी दोन तास आधीच चढली, होड्या आपोआप उचलल्या गेल्या, असं म्हणतात. त्या धारेत इसहाकनं बायला बाळासकट होडीत ओढून घेतलं.

बाय घरात शिरली तेव्हा तांब्या भरलेला होता. एक थेंब सांडला नव्हता, असं म्हणतात. मला हे पटत नाही, थोडं तरी सांडलंच असणार. पण बराच भरलेला होता. रुकय्यानं बाळ घेतलं, त्याला पाजायला लावलं, आणि मग तांब्याकडे बघून तिनं पुन्हा विचारलं, "बाय, हे पाणी कशाचं?"

बायचे ओठ कोरडे पडले होते. रुकय्याचेही. सकाळपासून बाळंतिणीला कुणी घोटभर पाणी दिलं नव्हतं.

"तहानेचं," बाय म्हणाली.

रुकय्यानं तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा प्यायली. उरलेला बायच्या हातात दिला. "घे, तूही चाललीस तेवढी."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. कुडाच्या फटीतून जे दिसलं ते संध्याकाळच्या आत आळीभर झालं. कुणी म्हणालं, बायनं धर्म बुडवला. कुणी म्हणालं, आधीची दोन मुलं मग आपलीच. बाय स्वतःच पाद्रीबाबांकडे गेली आणि सगळं सांगितलं, लपवून केलेलं आधी आणि न केलेलं नंतर.

पाद्रीबाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मूल मेलं असतं तर?"

"तर आधी त्याच्या आईकडे गेले असते, बाबा. मग तुमच्याकडे."

"हं." त्यांनी नाक पुसलं. "मी तुला पाणी ओतायला शिकवलं, नातालीन. विचारायला शिकवलं नाही. अर्धी चूक माझी."

आणि शिक्षा म्हणून त्यांनी तिला सांगितलं, की यापुढे मोहल्ल्यातून बोलावणं आलं की पाणी घेऊन जायचं, उंबऱ्याबाहेर थांबायचं, आणि आईनं विचारल्यावर सांगायचं पाणी कशाचं आहे. तिनं हो म्हटलं तरच आत जायचं. "असली शिक्षा मला रोज द्या," बाय म्हणाली म्हणे.

त्या मुलाचं नाव मूसा ठेवलं. तो ऐंशी वर्षं जगला आणि त्याचा आवाज असा होता की वाळूच्या दांड्यावरून ऐकू यायचा. मूसा आमच्या पुस्तकातही आहे, असं पाद्रीबाबा येताजाता सगळ्यांना सांगत. बाय गेली तेव्हा तिच्या पेटीला खांदा द्यायला मूसाच पुढे होता, चर्चच्या पायरीपर्यंत. आत तो गेला नाही, आणि कुणी त्याला ओढलंही नाही.

ते येशूला पुत्र म्हणत नाहीत, आम्ही म्हणतो. ते अजूनही तसंच आहे. विहिरी जाऊन नळ आले, तरी त्यावरचं बोलणं बंद झालेलं नाही. पण पालखाडीत मोहल्ल्यात बाळ आलं की क्रॉसआळीतली एक बाई पाणी घेऊन जाते. आमच्यात आलं की मोहल्ल्यातली येते. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणून घरी आणल्या दिवशी जातात, एवढाच फरक.

गेल्या वर्षी नाखव्यांच्या घरी मुलगी झाली, तेव्हा पाळी माझी होती. सून भिवंडीची, तिला काय ठाऊक! मी उंबऱ्यावर तांब्या घेऊन उभी, तर म्हणाली, "मावशी, कशाला त्रास? आमच्याकडे फिल्टर आहे." सासूनं तिला असा काही कोपर मारला! कानात दोन वाक्यं पुटपुटली. मग पोरगी लाजली, बाळाला सावरून बसली आणि म्हणाली, "मावशी, हे पाणी कशाचं?"

"तहानेचं गं, बाय," मी म्हटलं.

"मग आत या."

मी गेले. ती अर्धा तांब्या प्यायली, आणि उरलेला माझ्या हातात दिला.