कच्च्या कोटावरची पावलं

"मग मी गप्प बसू? तुम्हीच सांगा उस्ताद, गप्प बसू?"

शर्वाणी दारात उभी होती. आवाज चढला होता.

अल्लाबक्ष मिस्त्री उंबऱ्याशी उकिडवे बसले होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

पाचगणीतल्या भडकमकर काकूंच्या बंगल्याची ती माडीवरची खोली. जमीन सागवानी फळ्यांची, साठ वर्षांची. अठरा दिवस दोघं तिच्यावर राबले होते. आधी मशीन फिरवून जुना काळा थर काढला. मशीन पोचत नाही ते कोपरे शर्वाणीनं गुडघ्यांवर बसून पॉलिश पेपरनं घासले. फळ्यांमधल्या भेगा भरल्या. मग अक्रोडी स्टेन फडक्यानं चोळला, आणि त्यावर पारदर्शक पॉलिशच्या कोटाचे हात दिले.

तिसरा, शेवटचा हात काल संध्याकाळी तिनं एकटीनं दिला होता. उस्तादांनी स्वतःचा ब्रश तिच्या हातात ठेवला आणि ते जिन्यात जाऊन बसले. चार वर्षांच्या शिकवणीत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

आणि आज सकाळी त्या जमिनीवर पावलं.

अनवाणी. लहान. उजवी टाच ओढत गेलेली. दारापासून खिडकीपर्यंत... आणि परत.

"कुणाची आहेत, ते तुम्हाला कळलंय," शर्वाणी म्हणाली.

"हं."

"काकू मागच्या ओट्यावर बसल्यात. वजरीनं तळवा घासतायत. चिकट निघत नाहीये. मी माझ्या डोळ्यांनी बघून आले."

"मीपण बघितलं."

"दाराला दोरी बांधली होती आपण! पाटी लावली होती! दोरी सोडून आत गेल्या त्या!"

मिस्त्रींनी मान हलवली.

"तुम्हाला राग कसा येत नाही?"

मिस्त्रींनी उंबऱ्याशी सुटून पडलेली दोरी गुंडाळायला घेतली.

"कच्च्या कोटावर पाय ठेवला म्हणून तुम्ही सख्ख्या भाच्याला कामावरून घालवलंत. मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत ते. विसरलात?"

"नाही विसरलो."

"मग भाच्याला एक न्याय आणि ह्यांना दुसरा?"

मिस्त्रींनी बोटानं खिडकीकडे दाखवलं. तिथं दोन पावलं शेजारी शेजारी उमटली होती. बाकीच्यांपेक्षा खोल.

"तिथं थांबल्यात," ते म्हणाले. "बराच वेळ."

"थांबल्या असतील! मी काय करू?"

ही खोली काकूंची होती. तीस वर्षं त्या इथं झोपल्या. दोन महिन्यांपूर्वी मुलानं त्यांना खाली, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हलवलं. जिना झेपत नाही, आणि हल्ली काही लक्षातही राहत नाही, म्हणून. आता माडी पाहुण्यांना भाड्यानं द्यायची होती.

शर्वाणीला हे सगळं माहीत होतं. गेल्या आठवड्यात काकूंनी नळ उघडा ठेवला आणि खालच्या खोलीत पाणी झालं. तेव्हा मुलगा, रणजित भडकमकर, सगळ्यांदेखत ओरडला होता, "आता आणखी एक भानगड झाली ना आई, की पुण्याच्या त्या संस्थेत नाव घालतो तुझं. फॉर्म आणून ठेवलाय मी!"

काकू तेव्हा हसल्या होत्या. त्यांना वाटलं, तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

शर्वाणीनं ते ऐकलं होतं. पण आत्ता तिच्या डोळ्यांसमोर फक्त तिचा कोट होता.

"साहेब वर येतायत," ती म्हणाली. "मी त्यांना पावलं दाखवणार. आपल्या कामात खोट नव्हती, हे त्यांना कळलंच पाहिजे. माझा एकटीचा पहिला हात आहे हा, उस्ताद. पहिला!"

"तुझा हात चांगलाच बसलाय," मिस्त्री म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. ब्रशची एक रेघ नाही."

ती आणखीच चिडली.

"मग तर दाखवणारच!"

खाली जिन्याची पायरी वाजली.

मिस्त्री उठले. वहाणा काढून भिंतीशी ठेवल्या.

आणि कोटावर पाय ठेवला.



म्हातारा सावकाश चालत गेला. एकेका लहान पावलावर स्वतःचं रुंद पाऊल नेमकं ठेवत. थंडीमुळे कोट अजून ओला होता. तळवा उचलताना दर वेळी चट् असा आवाज येत होता. खिडकीशी ते थांबले. त्या दोन खोल पावलांवर उभे राहिले, दोन्ही पाय जरा घोळवले. मग वळले आणि परतीच्या पावलांवरून तसेच दारापर्यंत आले.

जमिनीवर आता एकाच माणसाची पावलं होती.

रणजित वर पोचला तेव्हा मिस्त्री उंबऱ्यावर बसून तळव्याला रॉकेलचं फडकं लावत होते.

"हे काय आहे?"

"पाय पडला, साहेब."

"पाय पडला? अहो, खिडकीपर्यंत गेलायत तुम्ही! झोपेत होतात का?"

"चूक झाली."

"मला सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हातारा फार नावाजलेला आहे म्हणून. हे नाव? परवा पाहुणे यायचेत माझ्याकडे! हातपाय ताब्यात राहत नसतील तर घरी बसा ना. लोकांच्या जमिनी कशाला नासता?"

शर्वाणीच्या कानशिलात रक्त चढलं. पन्नास वर्षं ज्या माणसाच्या हाताला घाटावर कुणी नाव ठेवलं नव्हतं, त्याला हा माणूस...

रणजित तिच्याकडे वळला.

"तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही सांगा. काय झालं नक्की?"

तिनं तोंड उघडलं.

मिस्त्री तिच्याकडे बघतही नव्हते. फडक्यानं अंगठा पुसत होते.

खालून काकूंचा आवाज आला, "रणू... पाहुण्यांना चहा विचारलास का रे?"

शर्वाणीनं जिन्याकडे बघितलं.

"उस्ताद म्हणाले तेच," ती म्हणाली. "पाय पडला. आम्ही पुन्हा घासून देतो सगळं."

"द्यावंच लागेल!" म्हणत रणजित दाणदाण जिना उतरून गेला.



मिस्त्रींनी कोट खरवडायचे दोन पत्रे काढले. एक स्वतः घेतला, एक तिच्यापुढे धरला. तिनं तो हिसकावून घेतला.

कोट ओला असल्यानं लगेच घासता येणार नव्हतं. आधी पत्र्यानं खरवडायचं, वाळू द्यायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. तिला ते न सांगता कळत होतं, आणि त्यानं राग आणखी पेटत होता.

"त्याला खरं कधीच कळणार नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तो गावभर सांगत फिरेल. अल्लाबक्ष संपला म्हणून."

"सांगेल."

"आणि काकूंना आठवणारसुद्धा नाही की तुम्ही त्यांच्यासाठी काय केलंत."

"त्यांनी आता चहा टाकलाय. दूध नासलं नाही म्हणजे मिळवली."

"हसू नका!" ती ओरडली. डोळे भरून आले होते. ते तिनं बाहीनं रागारागानं पुसले. "तुम्हीच शिकवलंत मला. लाकडाशी खोटं बोलायचं नाही. खालचा डाग झाकायचा नाही. वर चकचकीत आणि आत सडकं, असं काम करायचं नाही. आणि आज तुम्ही स्वतः झाकलंत. माझ्याकडूनही झाकून घेतलंत. मला अजून पटलेलं नाही. उद्याही पटणार नाही!"

"नको पटू दे."

"मग निदान सांगा तरी! एवढा अपमान गिळलात... कुणाचा पाय होता, हे तोंडातून काढावंसं एकदाही वाटलं नाही तुम्हाला?"

मिस्त्री गुडघ्यांवर टेकले. खिडकीपासच्या फळीवर पत्रा आडवा धरला. पहिला पापुद्रा सोलून वर आला आणि खालची सागाची रेघ उघडी पडली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"पन्नास वर्षं लाकूड घासतोय, पोरी... अजून एकाही फळीनं मला कुऱ्हाडीचं नाव सांगितलेलं नाही."