ठकाजी जुना कॅमेरा घेतो

भोपळगावात ठकाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. नाव ठकाजी, पण त्याने जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं. त्याला मात्र ज्याला ज्याला वेळ मिळाला त्याने ठकवलं होतं. सांगितलेलं काम करायचं, आणि सांगितलं तेवढंच करायचं, हा त्याचा बाणा. 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं की तो दिवसभर दाराकडे टक लावून बसे. मांजर खिडकीतून येऊन दूध पिऊन जाई. ठकाजी तिला काही म्हणत नसे, कारण खिडकीचं कुणी सांगितलेलं नसे.

त्याचे मामा, शिवराममामा, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीतले एकुलते एक फोटोवाले. उन्हाळ्यात एका लग्नात नवरदेव घोड्यासकट फोटोत मावेना. मामा 'जरा मागं, अजून जरा मागं' असं स्वतःलाच सांगत मागे सरकत गेले आणि विहिरीत पडले. वऱ्हाडाने मामांना वर काढलं. कॅमेरा खालीच राहिला. मामांचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि धंदा बसला.

आता ठकाजीचा जीव जडला होता आप्पा काटकरांच्या हौसावर. हौसालाही तो आवडे. एकदा तिने त्याला विचारलं होतं, "मी कशी दिसते?" गावातली बाकीची पोरं चंद्राच्या खाली यायला तयार नसत. ठकाजी म्हणाला, "समोरून दिसतीस." हौसा पोट धरधरून हसली. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे तिने तेव्हाच हेरलं.

पण आप्पा पडले व्यवहारी. ते म्हणाले, "नुसत्या खरेपणावर चूल पेटत न्हाई, ठकाजी. मामाचा धंदा हाती घे. माझी आई नव्वदीची झाली, तिचा अजून एक फोटू न्हाई. आखाड लागायच्या आत तिचा सगळ्या घरादारासंगं फोटू काढ. काढलास तर पोरगी तुझी. न्हाईतर सोसायटीचा सेक्रेटरी हायेच."

सेक्रेटरीकडे सायकल होती आणि तिच्या दोन्ही चाकांत हवा असे. ठकाजीने ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

आखाडाला एक महिना होता. नवा कॅमेरा ऐपतीबाहेरचा. पण तालुक्याला दर शनिवारी जुना बाजार भरे. तिथे कुणाचे कुणाचे वापरलेले कॅमेरे स्वस्तात मिळत. मामांनी पलंगावर पडल्या पडल्या पहिला धडा दिला.

"हे बघ, जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते. डोळ्याला लावायचा, उजेडाकडे धरायचा. आत पांढरं दिसलं की खाली ठेवायचा. फुकट दिला तरी घ्यायचा नाही."

"आलं ध्यानात," ठकाजी म्हणाला.

बाजारात हुसेनचाचांच्या दुकानात एक छान कॅमेरा होता. ठकाजीने तो डोळ्याला लावला आणि उजेडाकडे धरला. समोर चाचा उभे होते. चाचांची दाढी पांढरीशुभ्र, छातीपर्यंत आलेली.

"बुरशी आहे," ठकाजी म्हणाला.

"कुठंय?"

"आतमध्ये. हलतीय पण."

त्याने कॅमेरा खाली ठेवला. पुढच्या दुकानात धोतरवाले बुवा बसले होते. तिथेही पांढरं. तिसऱ्या दुकानासमोर पिंजारी कापूस पिंजत होता. तिथे तर बुरशीच बुरशी. ठकाजीने अकरा कॅमेरे पाहिले आणि रिकाम्या हाताने घरी आला.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या! समोर माणूस उभा असला तर तो दिसणारच! आधी माणसाला बाजूला करायचं. मग कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं आणि आत बघायचं."

"आलं ध्यानात. पुढच्या खेपेला तसंच करतो."

ठकाजी शब्दाचा पक्का. पुढच्या शनिवारी बाजारात एक म्हातारे फोटोवाले आले होते. धंदा बंद करून कॅमेरा विकणार होते. ते म्हणाले, "शेवटचा रोल चाललाय बाबा. आमच्या हेडमास्तरांचा निरोप समारंभ होता. एवढा चहा घेतो, रोल काढतो, मग कॅमेरा तुझा."

ठकाजीने त्यांना बाजूला केलं. म्हणजे बखोटीला धरून उचललं आणि चहाच्या गाड्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. मग भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि आत बघितलं. आत रोल होता. उजेड लागला तसा तो निकालात निघाला. छत्तीस वर्षं नोकरी केलेले हेडमास्तर हारतुऱ्यांसकट गेले. समारंभात ते तीन वेळा रडले होते, तेही गेलं. म्हाताऱ्याच्या हातात छत्री होती. ती त्याने ठकाजीच्या पाठीवर मोडली.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या! आत भरलेलं असलं की उजेडात उघडायचं नाही! काळं गुंडाळायचं, अंधाऱ्या खोलीत न्यायचं, दार लावून घ्यायचं, मगच उघडायचं. उजेड लागला की आतलं गेलंच समज."

"आलं ध्यानात. पुढच्या खेपेला तसंच करतो."

तिसऱ्या शनिवारी तो निघाला तेव्हा आप्पांनी त्याला हाक मारली. "बाजारला चाललासच हाईस तर माझी एवढी शेळी इकून ये. जपून ने बरं का, गाभण हाय."

गाभण म्हणजे आत भरलेली. ठकाजीने घरून काळी घोंगडी आणली आणि शेळी शिंगांपासून शेपटापर्यंत गुंडाळली. बाजारात गिऱ्हाईक आलं.

"शेळी दाखव की."

"उजेडात?" ठकाजी दचकला. "भरलेली आहे!"

"मग कुठं बघायची?"

"अंधारी खोली बघा. दार लावू. मग उघडतो."

गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं आणि निघून गेलं. अशी पाच गिऱ्हाइकं गेली. मग पोलीस आला.

"घोंगडीत काय आहे रे?"

"सांगतो, पण दाखवणार नाही," ठकाजी म्हणाला. "उजेड लागला की आतलं जाईल."

पोलिसाने त्याला शेळीसकट चौकीत नेऊन बसवलं. चौकीत उजेड तसा कमीच होता, आणि दारही लावलेलं होतं, म्हणून ठकाजीची हरकत नव्हती. चार वाजता शेळीने फौजदारांच्या टेबलाखाली दोन करडं दिली. फौजदारांनी तिघांना आणि ठकाजीला हाकलून दिलं. एक शेळी विकायला गेलेला माणूस तीन घेऊन परत आला. आप्पांना रागवावं की पाठ थोपटावी हे रात्रीपर्यंत ठरवता आलं नाही. कॅमेरा मात्र त्याही शनिवारी राहिला.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या! लोकांना बघायचं असतं ते झाकून कसं चालेल? समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, चारी बाजूंनी दाखवायचं."

"आलं ध्यानात."

आता एकच शनिवार उरला. हौसा पाणवठ्यावर भेटली तर म्हणाली, "सेक्रेटरी काल घरला आलता. दोन वेळा चहा घेतला त्यानं. तुमचं काय चाललंय?" तिचा चेहरा उतरला होता. ठकाजीला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

मामांनी या खेपेला आधी सगळं तीन-तीनदा वदवून घेतलं. दुकानदाराला हात न लावता 'जरा बाजूला व्हा' म्हणायचं. आत रोल नाही ना, ते विचारायचं. मग उघडून बघायचं. मग खटका दाबून आवाज ऐकायचा. एवढं झाल्यावर मामा उठून बसले.

"आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ऐक. पसंत पडलं तरी तोंडावर दाखवायचं नाही. नाक मुरडायचं. दोन खोडी काढायच्या. 'असले ढिगाने पडलेत' म्हणायचं, पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. मागे बघायचं नाही. हाक येते. पहिल्या हाकेला वळायचं नाही. दुसऱ्या हाकेला तर मुळीच नाही. तिसरी हाक आली की वळायचं. चांगली वस्तू मिळवायची हीच रीत आहे बाबा. मी सगळा संसार असाच जमवला."

ठकाजी हुसेनचाचांकडे गेला. तोच कॅमेरा अजून होता. भिंग स्वच्छ, खटका खणखणीत. ठकाजीला तो फारच आवडला. पण त्याने नाक मुरडलं.

"आवाज मोठा आहे. आणि डाव्या बाजूला पोचा आलाय. असले ढिगाने पडलेत."

तो चालायला लागला. चाचांनी हाक मारली. तो चालतच राहिला. चाचांनी दुसरी हाक मारली आणि पन्नास रुपये उतरवले. तो चालतच राहिला. तिसऱ्या हाकेला चाचा दाढी सावरत मागून धावत आले आणि निम्म्या किमतीत कॅमेरा त्याच्या हातात कोंबला.

त्या दिवशी मामांनी कपाळावर हात मारला नाही. उलट ठकाजीला खाली वाकवून घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप दिली. ठकाजीच्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. असला धडा दुसरा नाही, हे त्याने मनात पक्कं केलं.

रविवारी मामांनी रोल भरून दिला. आप्पांच्या अंगणात एकोणीस माणसं उभी राहिली. मधे खुर्चीवर आजी, नाकात नथ, अंगावर लग्नातला शालू. ठकाजीने समोरून तीन फोटो काढले. मग तो मागे गेला. मागून तीन काढले. मग डावीकडून तीन आणि उजवीकडून तीन. लोकांना बघायचं असतं ते चारी बाजूंनी दाखवायचं असतं.

मामांनी पलंगावरूनच रोल धुतला. दोन दिवसांनी ठकाजी फोटो घेऊन आप्पांकडे गेला. सगळी आळी गोळा झाली. पाठीचे फोटो बघून आप्पा गंभीर झाले. "आयला," ते म्हणाले, "माझी पाठ मी आज पयल्यांदाच बघितली. फेटा मागनं बरा दिसतो की!" आजीने समोरचा फोटो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "मी अशी हाय व्हय?" ती म्हणाली. "बरी हाय की गं बाई मी!" आणि तिने पदराने डोळे पुसले. हौसाने तर ठकाजीकडे असं बघितलं की आळीतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या.

आप्पांनी ठकाजीचा हात हातात घेतला. "जितलंस गड्या! हौसा तुझी. आता चारचौघांत सांग, पोरगी पसंत हाय न्हवं?"

हो, हो, हो, असं ठकाजीच्या ओठांपर्यंत आलं होतं. एवढी चांगली गोष्ट त्याच्या समोर आजवर कधी आलीच नव्हती. आणि चांगली गोष्ट मिळवायची रीत त्याला आता ठाऊक होती. त्याने नाक मुरडलं.

"हसताना आवाज मोठा येतो," तो म्हणाला. "आणि डाव्या गालाला पोचा आहे. असल्या ढिगाने पडल्यात."

डाव्या गालावर हौसाला खळी पडे. आप्पांचा हात हवेतच राहिला. ठकाजीने पाठ फिरवली आणि तो चालायला लागला.

हौसाला आधी ती थट्टाच वाटली. ती हसली. मग तो फाटकाबाहेर पडला तेव्हा तिचं हसू मावळलं. पोरीच्या जातीने भर आळीत गड्याला हाक मारायची, असं भोपळगावात कधी झालं नव्हतं. पण हौसा उंबऱ्याबाहेर आली आणि तिने हाक मारली.

"अवं, थांबा की!"

एक, ठकाजीने मोजलं. त्याला आनंदाने रडू यायला लागलं. पण तो थांबला नाही.

"ठकाजी! निदान मागं वळून तरी बघा!" या खेपेला हौसाचा आवाज चिरकला.

दोन. ठकाजीने चाल जरा हळू केली. आता एकच राहिली होती.

हौसाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिने डोळे पुसले. "आप्पा," ती म्हणाली, "दोन हाकांना जो वळत न्हाई, तो घर पेटलं तरी वळायचा न्हाई. धाडा निरोप सेक्रेटरीला." सेक्रेटरी पहिल्याच निरोपाला आला.

ठकाजी चालत चालत वेशीपर्यंत गेला. तिथे एका दगडावर गावाकडे पाठ करून बसला. मागे बघायचं नव्हतं. मामांना कळलं तसे ते कुबड्या टेकत टेकत आले. सगळा प्रकार ऐकून त्यांनी कपाळावर मारायला हात उचलला, पण मारला नाही. ते त्याच्या शेजारी बसले.

"गप बसा मामा," ठकाजी हळूच म्हणाला. "एकच राहिलीय."

तो रोज सकाळी येऊन बसू लागला. मामाही येत. तिसऱ्या दिवशी पाठीमागून आरोळी आली, "ए ठकाजी! आप्पांनी बलवलंय, चल बिगीबिगी!"

ठकाजी ताडकन उठला आणि गर्रकन वळला. आप्पांचा गडी धापा टाकत उभा होता.

"कॅमेरा घिऊन चल," गडी म्हणाला. "उद्या हौसाचं लगीन हाय सेक्रेटरीसंगं. फोटू काढायचेत."

ठकाजीच्या डोळ्यांतून टपाटप पाणी गळायला लागलं. मग त्याने बाहीने नाक पुसलं आणि मामांकडे बघितलं.

"पण मामा," तो म्हणाला, "तिसऱ्या हाकेला वळलो की नाही बरोबर?"