अँप्लिफायरला आलेला संशय

यंत्रांना वाचा होती त्या काळी एका घरात एक महासंशयी अँप्लिफायर होता. सकाळी रेकॉर्ड लागली, की गाण्याच्या मागे कुणीतरी सतत गुणगुणतंय असं त्याला वाटे. वीज शुद्ध करायला नुकताच आणलेला एक डबा शेजारी बसला होता. अँप्लिफायरने त्यालाच विचारलं.

"फ्रिज विजेत घाण सोडतो," डबा म्हणाला. "मला स्पष्ट ऐकू येतं."

झालं! अँप्लिफायरने फ्रिजशी बोलणं टाकलं. मिक्सर फिरला, की तो लाल दिवा वटारून बघे. वीज आता डब्यातून गाळून येत होती, तरी गुणगुण हटेना.

"मग पंखाही सामील असणार," डबा म्हणाला.

शेवटी स्पीकर वैतागला. "जरा सुई उचल रे," त्याने रेकॉर्ड प्लेअरला सांगितलं. सुई उचलली. गाणं थांबलं आणि गुणगुणही थांबली. फ्रिज, पंखा, वीज, सगळं चालूच होतं.

"मग ते काय होतं?" अँप्लिफायरने विचारलं.

"तंबोरा! गाणाऱ्या बाईंच्या मागे वाजतोय तो," स्पीकर म्हणाला.

अँप्लिफायर डब्याकडे वळला. "तुला तर स्पष्ट ऐकू येत होतं ना?"

"मला कान कुठे आहेत?" डबा म्हणाला. "तू म्हणालास, म्हणून मीही म्हणालो."