बुजवलेल्या विहिरी

पूर्वी चंपकवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व घरे बांधून विकणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव वत्सक. थोरला भाऊ नंदिल.

तिथल्या बांधणाऱ्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक पक्के झाल्यावरच माळ्याची जमीन घ्यायची. तोवर नुसता इसार द्यायचा आणि माळ्याला मळा पिकवू द्यायचा. पण नदीवर नवा घाट झाला, परगावची माणसे लोंढ्याने येऊ लागली आणि नंदिलला दम निघेना. राहते घर गहाण ठेवून त्याने नदीकाठचे सगळे मळे विकत घेतले, माळ्यांना उठवले, जमीन सपाट दिसावी म्हणून विहिरीही बुजवल्या.

"दादा, घर घेणारा कुठे आहे?" वत्सकाने विचारले.

"येईल रे! जमीन काय नासते?"

पुढे नावा हा घाट सोडून नदीच्या खालच्या अंगाच्या गावाला लागू लागल्या. लोक भाव विचारत आणि परत जात. नंदिलला अन्न गोड लागेना. पहाटे उठून तो वेशीवर आलेल्या गाड्यांत डोकावे. गाडीत दळायचे जाते असले तर माणूस राहायला आला. नुसती पोती असली तर व्यापारी, आज आला उद्या गेला. पोतीच दिसत. जमीन नासत नव्हती हे खरे, माणूस मात्र नासत चालला होता. ते पाहून वत्सकाचा जीव तुटे.

अशात दुष्काळाने गाव सोडलेले कोष्टी आले, जात्यांसकट. त्यांच्या म्हाताऱ्या मुखत्यार उप्पलेने सगळ्यांची पुंजी नंदिलपुढे ठेवली.

"जुन्या भावानंच घेतो, बाबा. आता कुठं हिंडायचं नाही. फक्त सूत धुवायला पाणी बख्खळ लागतं. आहे ना?"

नंदिलचे डोळे भरून आले. घर वाचत होते. "आहे की," तो म्हणाला.

वत्सकाला भावाकडे बघवेना. तरी तो म्हणाला, "आजी, विहिरी आम्ही बुजवल्यात. भावही निम्म्यावर आलाय. पुंजी उचला."

कोष्टी निघून गेले. घरही गेले. "तू माझा कुणी नव्हेस," एवढे बोलून नंदिलने तोंड फिरवले.  कुदळ घेऊन वत्सक त्या ओसाड जमिनीवर राहायला गेला आणि एक विहीर उपसू लागला. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून नंदिलही तिथेच आला. आधी काठावर बसून धुमसत राहिला, मग एक दिवस खाली उतरला. दोघांनी मिळून माती काढली. पाणी लागले तेव्हा नंदिल चिखलातच बसला आणि म्हणाला, "आधी माळ्यांना बोलाव."

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, समोर बसलेल्या, रिकाम्या जमिनींच्या काळजीने झोप उडालेल्या श्रेष्ठीकडे वळले. "गृहस्था, तेव्हाचा नंदिल तूच होतास. उप्पला म्हणजे तुझ्या मागे बसलेली ही वृद्ध भिक्षुणी. वत्सक मी होतो. सख्ख्या भावाचे छप्पर जात असतानाही परक्याला खरे सांगणे, ही सत्यपारमिता, खरेपणाची पूर्णता."