राखून ठेवलेली गोळी

गोळ्यांना बोलता येत होतं तेव्हाची गोष्ट. प्रवासात पोट बिघडलेल्या ऊर्मिलाच्या पोटात एक गोळी उतरली, आणि तिला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की तिला पाहून एकही जंतू पळाला नाही.

मागच्या सहलीत तीन गोळ्यांच्या पाकिटातल्या तिच्या दोन ताया अशाच उतरल्या होत्या. पण कळ थांबली तशी ऊर्मिला म्हणाली होती, “बरं वाटतंय की! उरलेली राहू दे पुढच्या प्रवासाला.” तेव्हापासून ही पाकिटात एकटीच. खुट्ट झालं तरी दचकायची.

“हटा! मी औषध आहे!” ती कापऱ्या आवाजात ओरडली. जंतू आपले गप्पा मारत बसले. बाहेर ऊर्मिला कळवळत होती, तिच्या अंगातलं पाणी भराभरा चाललं होतं. गोळीला रडू फुटलं. “ताई! कुणीतरी या गं! मला एकटीला नाही जमत!”

मग एका जंतूने अगदी घरच्यासारखी ओ दिली.

“आलात, मावशी? बसा ना. तुमच्या ताया काम अर्धवट टाकून गेल्या, तेव्हा जे वाचले, त्यांचीच आम्ही लेकरं.”